भात कच्चा होता



मागच्या महिन्यात आम्ही सहा जण हैदराबादला एका नावाजलेल्या इटालियन हॉटेलात जेवायला गेलो आणि जेवण चांगले नव्हते. घटना एवढीच. यावर आध्यात्मिक लेख काय लिहायचा, असे तुम्हाला वाटेल. आमच्या फादरांनाही वाटले. ते हसून म्हणाले, “म्हणजे आता अन्नाला नावं ठेवणार?” मी म्हटले, फादर, तोच तर विषय आहे. अन्नाला नावे ठेवू नयेत हे आपण सगळे लहानपणी शिकलो आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मीही मुलांना तेच शिकवते. पण कच्चा भात कच्चा आहे असे म्हणणे म्हणजे नावे ठेवणे का? आणि ज्याने प्रेमाने जेवायला नेले त्याने “कसं वाटलं?” असे विचारले, तर ख्रिस्ती माणसाने काय उत्तर द्यावे?

जेवायला नेणारा होता माझा भाचा, ताईचा मुलगा. ताई आणि भाऊजी नोकरीमुळे सतत बदलीवर, म्हणून तो चौथीपर्यंत इथे मावल्यात माझ्या आईजवळ वाढला. तिच्या हातची भाकरी खाऊन, रविवारी तिचे बोट धरून मिस्सेला जाऊन, संध्याकाळी तिच्या मांडीशी बसून जपमाळ म्हणत तो मोठा झाला. (आमच्या धर्मग्रामात उपासना तेलुगूत होते आणि केरळच्या रीतीप्रमाणे तिला कुर्बाना म्हणतात, पण आम्हा मराठी घरांच्या तोंडी अजून मिस्साच आहे.) आता तो हैदराबादला एका कंपनीत आहे. या वर्षी नोकरी पक्की झाली. गेली दोन वर्षे तो देवळात फारसा जात नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी त्यावर बोलत नाही.

आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन हैदराबादला झाले होते. महिन्याने पुन्हा दाखवायला बोलावले, म्हणून मी आणि माझे यजमान तिला बसने घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळा उत्तम आहे म्हणून सांगितले आणि त्याच संध्याकाळचे हे जेवण भाच्याने आधीपासून ठरवून ठेवले होते. “आजीला नवीन डोळ्यांनी काहीतरी भारी बघू दे,” असे त्याचे म्हणणे. पगारातून पैसे बाजूला काढले होते. ऑफिसातल्या सगळ्यांना विचारून, लोकांनी दिलेले तारे मोजून त्याने ते हॉटेल निवडले होते.

आमच्याकडे इटालियन म्हणजे काय, तर आदिलाबादच्या बाजारात मिळणारा पनीर-ढोबळी मिरचीचा पिझ्झा आणि मुलांच्या डब्यातला मसाला घातलेला पास्ता. पण ख्रिस्ती घरांचे इटलीशी नाते पिझ्झ्याहून जुने आहे. असिसीचे संत फ्रान्सिस आहेत, पोप महोदयांचे रोम आहे. हैदराबादला तर १८५५ पासून मिलानच्या मिशनरींनी काम केले. गनफाउंड्रीचे सेंट जोसेफ कॅथेड्रल त्यांच्याच काळातले, आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी आई तिथे गुडघे टेकून आली होती. आमच्या भागात मिशन पोहोचले ते पुढे, १९६२ नंतर, केरळच्या धर्मगुरूंबरोबर, आणि आदिलाबाद वेगळा धर्मप्रांत झाला १९९९ मध्ये. शिवाय आपल्या बहुतेकांच्या घरी एक इटालियन वस्तू भिंतीवर टांगलेली असते, जेवायला बसतो त्या जागेच्या वर. प्रभूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र. आईकडे ते सोनेरी प्लॅस्टिकच्या चौकटीत आहे. त्या चित्राबद्दल पुढे सांगते.

टेबल आठ वाजताचे होते. आम्हाला बसायला मिळाले आठ चाळीसला. आत चार-पाच टेबले रिकामी दिसत होती, ती का देत नव्हते कळले नाही. आईला उभे राहवेना. दारापाशी एक लाकडी बाक होता, त्यावर शोभेच्या फुलदाण्या मांडलेल्या होत्या. भाऊजींनी फुलदाण्या सरकवून आईला बसवले. मॅनेजरांनी ते पाहिले, त्यांना आवडले नाही, पण ते काही बोलले नाहीत.

शेवटी जागा मिळाली ती स्वयंपाकघराच्या दाराजवळ. दिवे मंद होते. आईने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, “लाइट गेली का इथची?” नवीन डोळ्यांनी भारी काहीतरी बघायला आलेली बाई! भाचाही हसला. त्या संध्याकाळी तो मोकळेपणाने हसला तो तेवढाच, नंतर बराच वेळ नाही.

पाणी कोणते हवे असे विचारले गेले, बाटलीतले साधे की बुडबुड्यांचे. दोन्हींचे पैसे वेगळे. साधे फिल्टरचे पाणी मागितल्यावर ते आले, पण मागवणाऱ्याला दोनदा बोलावे लागले. मग पदार्थ: मशरूमचा रिसोत्तो, म्हणजे दाटसर शिजवलेला इटालियन भात. पोलेंता, म्हणजे मक्याच्या भरड पिठाचे. दोन तऱ्हेचे पास्ता. ब्रेड. एक ताट आले की दुसरे यायला पंचवीस मिनिटे, त्यामुळे सहा माणसे एकत्र अशी जेवलीच नाहीत. कुणी खात होते, कुणी बघत होते.

पहिले ताट आल्यावर आईने क्रुसाची खूण केली आणि तिच्या नेहमीच्या आवाजात भोजनापूर्वीची प्रार्थना सुरू केली. तिचा नेहमीचा आवाज कापसाच्या शेतात या बांधावरून त्या बांधावर हाक मारायचा आहे. शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली. भाचा ताटाकडे बघत राहिला. पण त्याचे ओठ हलत होते, हे मी पाहिले.

रिसोत्तोवर चकाकणारी साय होती आणि आत भाताचा दाणा खडूसारखा. दाताखाली कुट्टकन तुटत होता. पोलेंता थंड झालेला, गुठळ्यांचा. एक पास्ता खारट, दुसरा बरा. आईने रिसोत्तोचे दोन चमचे खाल्ले, पोलेंत्याचा एक, आणि मग ब्रेडचा तुकडा हातात घेऊन बसली. पाणी वाढणारा मुलगा विशी-बाविशीचा असेल. त्याने आमचे बोलणे ऐकले असावे. हळूच मराठीत म्हणाला, “आजी, ब्रेड गरम करून आणू का?” तो मुधोळकडचा निघाला. ब्रेड गरम होऊन आला, बरोबर लोण्याची वाटी. त्या जेवणातला सगळ्यांत चांगला पदार्थ तोच. आईने त्या मुलाला विचारले, “तू जेवला का?” तो म्हणाला, अकरानंतर, शिफ्ट संपल्यावर. “आन बसत नाही का मधात?” तो नुसता हसला.

मी मॅनेजरांना बोलावून भात शिजला नाही असे सांगितले. आवाज न चढवता सांगितले. त्यांनी उत्तर दिले की इटलीत भात असाच असतो, ‘अल देन्ते’, आपल्याकडच्या लोकांना सवय नसते. “आपल्याकडचे लोक” म्हणताना त्यांची नजर आईच्या लुगड्यावर होती. भाच्याने ते पाहिले. त्याचा चेहरा पडला. मॅनेजर गेल्यावर त्याने टेबलाभोवती एकेकाकडे पाहिले आणि विचारले, “कसं वाटलं जेवण?”

ताई म्हणाली, “मस्त.” भाऊजी म्हणाले, “वेगळं आहे.” यजमान म्हणाले, “अनुभव म्हणून छानच.” ताटे तर भरलेलीच होती. त्याला दिसत होती.

आईने ब्रेड खाली ठेवला. “भात कच्चा हाय, बाबू,” ती म्हणाली. “आन ह्या मक्याच्या कण्या कोणी घोटल्या नाही, गुठळ्या राहिल्या. पण तू बलावलं म्हणून आली मी. आणखी बलावशील तं येईन.”

क्षणभर कुणी बोलले नाही. मग भाच्याने चमचाभर भात घेतला आणि चावून पाहिला. काळजीपोटी तोवर त्याने नीट घासही घेतला नव्हता. “खरंच कच्चा आहे गं आजी,” तो म्हणाला आणि त्याचे खांदे सैल झाले. यानंतर मात्र आम्ही जेवलो. म्हणजे ब्रेड आणि बरा पास्ता सहा जणांत वाटून खाल्ला आणि पुष्कळ गप्पा झाल्या.

आता, मॅनेजर खरे बोलत होते की आई? माझ्या मनात हा प्रश्न राहिला, कारण परक्या अन्नाला आपल्या सवयीने तोलणे हाही अन्याय आहे. आमच्या मिशनमधल्या एक सिस्टर काही वर्षे उत्तर इटलीत वृद्धाश्रमात सेवेला होत्या. परत आल्यावर त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, ‘अल देन्ते’ म्हणजे दाताला लागेल इतपत. दाण्याच्या मध्यभागी किंचित कणखरपणा हवा, पण पांढरे पीठ लागले तर तो भात शिजलेला नाही, हे इटलीतली कुठलीही आजी सांगेल. तिथला रिसोत्तोचा तांदूळ जाड, आखूड असतो. तो धूत नाहीत, कारण त्याचा स्टार्च हवा असतो. उकळते सूप डावाडावाने घालत अठरा-वीस मिनिटे शेजारी उभे राहून ढवळायचे आणि आचेवरून उतरवून मग लोणी आणि चीज घालायचे. उभे राहायला वेळ नसला की हॉटेलवाले भात अर्धा शिजवून ठेवतात आणि वरून क्रीम ओततात. आमच्या ताटात नेमके तेच आले असावे असे सिस्टरांना वाटते.

त्यांनी आणखी एक सांगितले. हा तांदूळ वेर्चेल्ली, नोव्हारा अशा भागांत, पो नदीच्या खोऱ्यात पिकतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे हजारो गरीब बायका गुडघाभर पाण्यात वाकून निंदणी करत. पोलेंता तर उघडउघड गरिबांचेच अन्न. कढईत चाळीसेक मिनिटे हलवत राहायचे, नाहीतर गुठळ्या होतात. मक्याच्या आधी तो बाजरीसारख्या भरड धान्यांचा करत असत. आईने त्याला कण्या म्हटले ते अडाणीपणाने नव्हे. ज्वारीच्या कण्या तिने जन्मभर घोटल्या आहेत. त्या टेबलावर तिच्याइतका जाणता परीक्षक दुसरा कुणी नव्हता.

(थोडे विषयांतर. इटलीत जी माणसे केवळ मक्यावर जगली त्यांना पेलाग्रा नावाचा आजार होई, गळ्याभोवतीची आणि हातापायांची कातडी काळवंडून खरबरीत व्हायची. शब्दही इटालियनच, अर्थ खरबरीत कातडी. आणि १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी आपल्या दख्खनमधल्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही तोच आजार असल्याचे मांडले. मक्याच्या शेजारी डाळ नाही, ज्वारीच्या शेजारी भाजी नाही, दोन्हीकडे गोष्ट एकच. मंद दिव्यांखाली, शेकड्यांच्या किमतीत तो पोलेंता समोर येतो तेव्हा ही आठवण कुणी वाढत नाही.)

मग मी शुभवर्तमान काढले. संत लूकच्या सातव्या अध्यायात परूशी शिमोनाच्या घरचे जेवण आहे. आपण ते नेहमी त्या स्त्रीसाठी वाचतो, जी सुगंधी तेलाची कुपी घेऊन आली आणि येशूच्या पायांशी रडली. तसेच वाचावे. पण या वेळी मी ते जेवण म्हणून वाचले. शिमोन गावातला मानाचा माणूस, घर नावाजलेले. आमंत्रण त्याचेच. येशू गेला आणि पंक्तीला बसला. त्या काळी डाव्या कुशीवर टेकून, पाय मागे सोडून जेवत, म्हणून तर ती स्त्री मागून येऊन पायांपर्यंत पोहोचू शकली. ताटात काय होते हे लूक एका शब्दानेही सांगत नाही. काय नव्हते, ते मात्र एकेक करून सांगतो. पाय धुवायला पाणी दिले नाही. चुंबन घेऊन स्वागत केले नाही. डोक्याला तेल लावले नाही. धुळीच्या रस्त्याने, चपलांनी चालत आलेल्या पाहुण्याला पाणी नाही, हे आपल्या गावांतही कुणी विसरणार नाही.

येशूच्या हे सगळे लक्षात आले होते. दारातच आले असणार. तरी तो दारातून परत फिरला नाही आणि आल्या आल्या तक्रारही केली नाही. शिमोनाने मनातल्या मनात त्या स्त्रीला आणि तिच्यामुळे येशूला तुच्छ लेखले, तेव्हा तो बोलला. आधी त्याला नावाने हाक मारली. मग पाचशे दीनार आणि पन्नास दीनार देणे असलेल्या दोन कर्जदारांची गोष्ट सांगितली. आणि मग पाणी, चुंबन, तेल या तिन्ही गोष्टी समोरासमोर, त्याच्याच टेबलावर बोलून दाखवल्या. गोड शब्दांत गुंडाळल्या नाहीत. घरी जाऊन दुसऱ्यांपाशीही काढल्या नाहीत. आपण बहुधा नेमके उलटे करतो. यजमानासमोर “छान” म्हणतो आणि रिक्षात बसल्या बसल्या सुरू होतो.

आणि त्यानंतर? लूकच्याच अकराव्या अध्यायात आणखी एक परूशी त्याला जेवायला बोलावतो आणि तो जातो. चौदाव्या अध्यायात तिसरे आमंत्रण, तिथेही जातो. दोन्हीकडे पुन्हा स्पष्ट बोलतो, एकदा बाहेरून घासलेल्या आणि आतून मळलेल्या भांड्यांबद्दल, एकदा मानाच्या जागा पटकावणाऱ्यांबद्दल. अशा पाहुण्याला लोक बोलावत राहिले आणि तो जात राहिला. हे मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवत आले आहे, पण तीन जेवणे ओळीने ठेवून पाहिली ती आत्ता. संत पौलही करिंथच्या मंडळीला लिहितो की तुमच्या एकत्र जेवण्याने हित कमी आणि नुकसानच जास्त होते, कारण एक जण उपाशी राहतो आणि दुसरा झिंगतो. त्याच पत्रात, त्याच अध्यायात पुढे प्रभुभोजनाची स्थापना आहे. कान उघडणी आणि भाकर शेजारीशेजारी.

त्या दृष्टीने आता भिंतीवरचे चित्र पाहा. लिओनार्दो दा विंचीने ते मिलानमध्ये, सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठात १४९५ ते १४९८ च्या सुमारास काढले. देवळात नाही, वेदीवर नाही, मठाच्या जेवणघरात. डोमिनिकन बंधू समोर बसून मुकाट्याने जेवत आणि भिंतीवर प्रभू जेवत असे. आणि क्षण कोणता निवडला? तुमच्यातला एक जण माझा घात करील, असे येशू सांगतो तो. म्हणून तर बाराही जण दचकून इकडेतिकडे कललेले आहेत. आपण ज्याला शांत, पवित्र चित्र समजून जेवणाच्या जागी लावतो, ते खरे तर टेबलावर बोललेल्या एका जड वाक्याचे चित्र आहे. आणि ज्याच्याबद्दल ते बोलले गेले तो पंक्तीतून उठवलेला नाही, त्याच टेबलाशी बसलेला आहे.

पुढे १६५२ मध्ये त्या भिंतीत दरवाजा पाडला आणि त्यात येशूचे पाय गेले. तुमच्या घरच्या प्रतीत बघा, टेबलाखाली बाकीच्यांचे पाय दिसतात, मधोमध दरवाजाची कमान आहे. जेवणघराच्या सोयीसाठी पाय तोडले गेले, आणि शिमोनाच्या घरी नेमके पायच विसरले गेले होते. आईला हे सांगितले तेव्हा ती खुर्चीवर चढून जवळून पाहू लागली. नवीन डोळा तिथे कामी आला.

बिलाची गोष्ट राहिली. आकडा सांगत नाही, आमच्याकडे तेवढ्यात एका घराचा महिनाभराचा किराणा येतो. खाली सेवाशुल्क म्हणून दहा टक्के वेगळे लावले होते. भाऊजी अशा बाबतीत जागरूक आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितले आहे की हॉटेलला हे शुल्क आपोआप बिलात लावता येत नाही, ते देणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. भाऊजींनी शांतपणे तेवढे सांगितले आणि शुल्क निघाले. मग त्यांनी दोनशे रुपये त्या मुधोळच्या मुलाच्या हातात दिले. ताईला वाटले, कायदा काढून पैसे कमी करायचे आणि मग वाटायचे, हा काय प्रकार? मला त्यात विसंगती दिसली नाही. मॅनेजरांच्या बिलातले दहा टक्के त्या मुलापर्यंत किती पोहोचतात हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. हातातले दोनशे पोहोचले.

परत जाताना गाडीत आई पुढे बसली, भाच्याशेजारी. शहराच्या पुलांवरून जाताना तिने त्याला सरळ विचारले, “मिस्सेले काऊन जात नाही तू?” दोन वर्षे आमच्यापैकी कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. तो रागावेल असे मला वाटले. तो रागावला नाही. बराच वेळ बोलला. काय बोलला ते त्याचे आणि तिचे आहे, इथे लिहिण्याजोगे नाही. काही तिला पटले, काही पटले नाही. न पटलेले तिने तसे सांगितले. पुढच्या रविवारी तो देवळात गेला की नाही, असे तुम्ही विचाराल. गेला नाही. दर बुधवारी आजीला फोन मात्र करतो, पूर्वी महिन्यातून एकदा करायचा.

घरी पोहोचल्यावर तो फोन घेऊन बसला. त्या हॉटेलला एकच तारा द्यायचा आणि असे काही लिहायचे की पुन्हा कुणी तिथे पाऊल ठेवणार नाही, असा बेत. आजीकडे ज्या नजरेने पाहिले गेले ते त्याला विसरता येत नव्हते. मलाही येत नव्हते. पहिला मसुदा त्याने मला दाखवला. त्यात इटली, मालक, मॅनेजर, आचारी, सगळ्यांचा उद्धार होता. मी म्हटले, राग खरा आहे, पण यातले घडलेले किती आणि चिडून जोडलेले किती, ते वेगळे कर. एका ताऱ्याचा तडाखा मालकाला लागेल की अकरानंतर जेवणाऱ्या मुलांना, तेही बघ. आम्ही दोघांनी बसून ते पुन्हा लिहिले. आठचे टेबल आठ चाळीसला मिळाले. भात मध्यभागी कच्चा होता, तसे सांगितल्यावर सवय नसल्याचे उत्तर मिळाले. पोलेंता थंड आणि गुठळ्यांचा होता. सत्तरी ओलांडलेल्या पाहुणीला दारात बसायला जागा नव्हती. ब्रेड चांगला होता आणि पाणी वाढणाऱ्या मुलाने न सांगता तो गरम करून आणला. तारे दोन.

आईने ते मराठीत वाचून दाखवायला लावले. सगळे ऐकले, दारातल्या बाकाचे वाक्य पुन्हा एकदा ऐकले. मग म्हणाली, “आन लिही, त्या पोराले मधात बसाले स्टूल द्या म्हणा.”

भाच्याने तेही इंग्रजीत लिहिले आणि पाठवून दिले.